खऱ्याची भिंत

जाफर मुजावर गुरुजींना कागद वेचायची खोड होती. एसटीतून उतरले की खाली पडलेली दोन-चार तिकिटं खिशात, वाण्याकडे गेले की साबणाचं वेष्टन खिशात, आणि आठवड्याच्या बाजारात तर त्यांचा एक डोळा भाजीवर असायचा आणि दुसरा बियाणांच्या फाटक्या पिशव्यांवर. बोरजाईच्या बायका पाण्याला जाताना त्यांना मुद्दाम गाठून म्हणायच्या, "गुर्जी, आमच्या उकिरड्यावर बी हायती बघा कागदं." गुरुजी हसायचे आणि खरंच उकिरड्याकडे वळायचे. मग बायकांचीच पंचाईत व्हायची.

बोरजाई म्हणजे कृष्णाकाठचं तीनशे उंबऱ्यांचं गाव, सांगलीहून एसटीनं तासाभरावर. मळ्यात ऊस आणि घरटी एक माणूस मिलिटरीत. गुरुजी मूळचे साताऱ्याचे. म्हातारी आई तिकडे, हे इकडे चावडीमागच्या एका खोलीत, स्टोव्हवर भात शिजवून खाणारे. शाळेत त्यांच्याकडे पहिली आणि दुसरी, दोन्ही वर्ग एकाच खोलीत, छत्तीस पोरं.

कागदांच्या खोडीला कारण होतं. गुरुजी या गावात आले बहात्तर साली. पहिल्याच महिन्यात पहिलीतला बाळासो उभा राहून पुस्तकातला धडा घडाघडा वाचत होता. वाऱ्यानं पान उलटलं. बाळासो थांबला नाही. समोर भलतंच पान, आणि हा पठ्ठ्या मागच्या पानावरच्या कोल्ह्याला विहिरीत उतरवतोय! गुरुजींनी हातातलं पुस्तक काढून घेतलं, तरी कोल्हा वर येईपर्यंत बाळासोचं वाचन चालूच राहिलं. मग त्यांनी एकेकाला तपासलं. निम्म्या पोरांना वाचता येतच नव्हतं, नुसतं पाठ येत होतं. थोरल्या भावंडांच्या तोंडून ऐकून ऐकून पुस्तकातल्या साऱ्या गोष्टी पोरांच्या पोटात आधीच जाऊन बसल्या होत्या.

त्या दिवसापासून गुरुजींनी असे कागद शोधायला घेतले, जे कुणाला पाठ असणं शक्य नाही. काडेपेटीवर काय लिहिलंय? आत काड्या किती? मोज मग. देवीची लस टोचायला आलेल्या बाई पत्रक देऊन गेल्या, त्यात लस कितव्या महिन्यात टोचायची म्हणतात? कारखान्याची उसाची पावती, हळदीच्या पोत्याला बांधलेली चिठ्ठी, चहाच्या पुड्याचा कागद. पोरं बोट ठेवून एकेक अक्षर लावायची, आणि लागलं की ओरडायची. राक्षस नाही, राजकन्या नाही, नुसती माहिती. पण ती माहिती खरी निघायची याचं पोरांना भारी नवल वाटायचं. पन्नास काड्या लिहिलंय आणि मोजल्या तर एकोणपन्नास निघाल्या, तेव्हा वर्गात केवढा गहजब झाला होता! शेवटी पन्नासावी काडी बाळासोच्या कानात सापडली.

तपासणीला आलेले डिपोटी साहेब हे पाहून कपाळाला आठ्या घालत म्हणाले होते, "मुजावर, सरकारनं पुस्तकं दिलीत आणि तुम्ही पोरांना पुडीचे कागद वाचायला लावता?" गुरुजी म्हणाले, "साहेब, पुस्तक पाठ करतात. पुडी वाचतात." साहेबांनी शेरा लिहिला. तो चांगला होता की वाईट, हे गुरुजींना शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि एक होती खऱ्याची भिंत. वर्गाची मागची भिंत शेणानं सारवलेली, तिच्यावर दर शनिवारी पोरांनी एकेक चिठ्ठी लावायची. चिठ्ठीत एकच ओळ. अट अशी, की स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं किंवा स्वतःच्या हातांनी केलेलंच लिहायचं. गुरुजी चिठ्ठी मोठ्यानं वाचत आणि विचारत, "कशावरून?" पोरानं सांगितलेलं पटलं की सगळा वर्ग "खरं!" म्हणून ओरडे आणि चिठ्ठीला खळ लागे. बाळासोनं लिहिलं होतं, "आमच्या म्हशीचे तीनच सड दूध देतात." कशावरून? "म्या पिळलंय की गुर्जी, चौथ्याला लाथ खाल्ली!" खरं!

या सगळ्यात हरणा पुढं होती. हरणा मानसिंग, दुसरीतली, सात वर्षांची, अंगानं काडी. बाप मानसिंग फौजेत, कुठेतरी बर्फात. घरी आई साळूबाई आणि आजा केरबा, घरात सगळे त्याला आबा म्हणत. केरबाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, आणि थंडी पडली की खोकला असा उसळायचा की शेजारच्या गल्लीत ऐकू जावा. हरणा वाटेवर दिसेल ते वाचायची. एसटीची पाटी, दुकानाची पाटी, मैलाचा दगड. घरी गेली की आजाच्या उशाशी बसून दिवसभराचं सगळं वाचलेलं ओळीनं सांगायची. केरबा पारावर टेचात म्हणायचा, "माझं डोळं गेलं म्हणता व्हय? न्हाई गेलं. ते आता साळंला जात्यात." हे कानावर आलं त्या दिवशी गुरुजींच्या घशाखाली भात उतरेना. इतकं सुख एकट्यानं कुठं ठेवायचं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत गुरुजींनाच खोकला धरला. सांगलीच्या पेठेतल्या एका औषधशाळेतून त्यांनी काढ्याची बाटली आणली, तपकिरी काचेची, वर छानदार मराठी लेबल. बाटली संपल्यावर ती अर्थातच वर्गात आली. "खोकल्यावरील गुणकारी काढा. बाटली हलवून घ्यावी. मोठ्या माणसांस दोन चमचे, दिवसातून तीन वेळा." या तीन ओळींवर गुरुजींनी आठवडाभर तास घेतले. चमचा म्हणजे केवढा? मोठं माणूस कुणाला म्हणायचं? दिवसातून तीनदा दोन-दोन, तर दोन दिवसांत किती? आणि सगळ्यात शेवटी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "लेबल वाचल्याशिवाय औषध घेऊ नये." पोरांना ताकीद दिली, "घरातल्या कुठल्याबी बाटलीचं लेबल सोलायचं नाही. आयांना सांगा. लेबल गेलं की बाटली मुकी झाली."

लेबल न अडखळता पहिल्यांदा वाचलं हरणानं. गुरुजींनी ती रिकामी बाटलीच तिला बक्षीस देऊन टाकली.

आता साळूबाईच्या घराची रीत सांगायला हवी. घरात राहणाऱ्या मोठ्या माणसांपैकी कुणाला वाचता येत नव्हतं, त्यामुळं वस्तू जागेवरून ओळखायच्या. चुलीच्या डाव्या अंगाला मीठ, उजव्या अंगाला तेल, आणि आढ्याखालच्या वरच्या कोनाड्यात फवारणीचं विष, जिथं पोराचा हात पोचत नाही. बाहेरून बाटली आली की साळूबाई आधी ती राखेच्या पाण्यात भिजत घालायची, नखानं लेबल सोलायची, आणि मगच वापरायला काढायची. तिची सासूही हेच करायची. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

त्या सोमवारी वांग्यांवर कीड पडली म्हणून तिनं शेजारच्या आप्पासोकडून थोडं विष मागितलं. घरात रिकामी बाटली एकच, हरणाच्या बक्षिसाची. तिनं ती राखेच्या पाण्यात टाकली, तोच हरणा शाळेला निघता निघता आडवी आली. "आये, सोलू नगं! गुर्जींनी सांगितलंय, सोलू नगं!" डोळ्यांत पाणी. साळूबाईला पोरीची दया आली, थोडं कौतुकही वाटलं. "बरं बाई, न्हाई सोलत तुझ्या गुर्जींचं लेबल," म्हणाली, आणि लेबलासकट बाटली पुसून ठेवली. दुपारी पोर शाळेत असताना तिनं ती भरून आणली आणि रीतीप्रमाणं वरच्या कोनाड्यात ठेवून दिली.

गुरुवारी गुरुजींनी शाळा दोन वाजताच सोडली. त्यांना शिक्षकांच्या मीटिंगला तालुक्याला जायचं होतं. संध्याकाळच्या एसटीनं परतले तेव्हा गावात चुली पेटल्या नव्हत्या. केरबाला कारखान्याच्या जीपमधून सांगलीला नेलं होतं, पण कृष्णेच्या पुलावरच त्यानं मान टाकली.

दुसऱ्या दिवशी जमादार आला पंचनामा करायला. पंच म्हणून गावातला वाचता येणारा माणूस हवा, म्हणजे गुरुजीच. साळूबाईच्या सोप्यात दहा-बारा माणसं उभी होती. जमादारानं फडक्यात गुंडाळलेली बाटली गुरुजींच्या हातात दिली. "वाचा गुरुजी, काय लिवलंय?"

गुरुजींना वाचायची गरजच नव्हती. त्यांचीच बाटली. लेबलाचा कोपरा थोडा उडालेला, तो त्यांच्याच सुरीनं. तरी त्यांनी वाचलं. "खोकल्यावरील गुणकारी काढा. बाटली हलवून घ्यावी. मोठ्या माणसांस दोन चमचे." वाचता वाचता त्यांची नजर आतल्या दाराकडं गेली. चौकटीला टेकून हरणा उभी होती आणि तिचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते.

"बाटली हुती कुठं?" जमादारानं विचारलं.

साळूबाई भिंतीला तोंड करून बसली होती. तिथूनच म्हणाली, "चुलीपाशी ठिवली हुती मी. खालीच. माझं चुकलं. आंधळं माणूस, चाचपडत आलं असंल."

"आणि ही पोरगी?"

"साळंत हुती," साळूबाई म्हणाली. "पाच वाजंस्तवर साळा असती."

शाळा दोन वाजता सुटली होती. हे त्या सोप्यात एकालाच नेमकं माहीत होतं, कारण कुलूप त्यानंच लावलं होतं. बाकी सारी माणसं दिवसभर मळ्यात होती. त्यांना सगळं समजलं. आईला वाटतंय म्हातारा चुकला, ती आपल्या माथ्यावर घेऊन बसलीय. आणि सात वर्षांची पोर दारात उभी आहे, जिनं लेबल वाचून औषध दिलं. हे आत्ता बोललं तर ही पोर म्हातारी होईपर्यंत, गावात पाणी भरताना, सासरी जाताना, "आजाला विष पाजलेली" हेच तिचं नाव होणार. आणि नाही बोललं, तर? नाही बोललं तर आपलीही बाटली झाकली जाते, हे त्यांच्या मनात आलं. आपल्या मनात हेही आलं, याची त्यांना किळस वाटली.

त्यांनी पंचनाम्यावर सही केली. "वाचून बरोबर आहे," असं वर लिहावं लागतं, तेही लिहिलं.

पुढचे तीन आठवडे हरणा शाळेत येत होती, पण तिनं वाचणं टाकलं. पुस्तक उघडून बसायची. नाव पुकारलं की उभी राहायची आणि तशीच उभी राहायची. गुरुजींनी तिला काडेपेटी दिली, तिनं ती उलटी करून बाकावर ठेवली. वाटेत एसटीची पाटी आली की ती खाली मान घालून जाते, असं बाळासोनं चुगली करून सांगितलं. गुरुजींनी दोनदा ठरवलं की पोरीला जवळ घेऊन बोलावं. दोन्ही वेळा शब्द तोंडात आले आणि तिथंच राहिले. भित्रा माणूस मुळात वाईट नसतो, फक्त उशीर करत राहतो. गुरुजी उशीर करत राहिले.

फेब्रुवारीतला तिसरा शनिवार. सकाळची शाळा. पोरांनी चिठ्ठ्या आणून टेबलावर टाकल्या आणि गुरुजी एकेक उचलून वाचू लागले. "आमच्या कोंबडीने सात अंडी घातली." कशावरून? खरं! "माझा दात पडला." हे तर सगळ्यांना दिसतच होतं. खरं! मग हातात आली चार घड्या घातलेली, पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी.

"आजाला मी पाजले. दोन चमचे."

खाली नाव, हरणा मानसिंग. वळणदार अक्षर, एकही काना-मात्रा चुकलेली नाही.

छत्तीस तोंडं त्यांच्याकडं बघत होती. गुरुजींना भिंत दिसली, दोन वर्षांच्या चिठ्ठ्यांनी भरलेली. त्या भिंतीवर एकही खोटी ओळ नाही म्हणून त्यांनी साताऱ्याला आईपाशी केवढ्या बढाया मारल्या होत्या. त्यांनी घसा साफ केला आणि मोठ्यानं वाचलं, "आजा माझ्यावर माया करत होता."

"खरं!" वर्ग ओरडला. कुणी कशावरून विचारलंच नाही. ते सगळ्या गावाला माहीत होतं.

हरणा जागेवरून उठली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिचा आवाज निघाला. "तसं न्हाई लिवल्यालं, गुर्जी."

"बस खाली, बाळ."

"तसं न्हाई लिवल्यालं. मी लिवलंय, मला ठावं हाय."

गुरुजींनी घंटा वाजवायला सांगितली. साडेनवालाच शाळा सुटली म्हणून पोरं दप्तरं उडवत, किंचाळत बाहेर पळाली. हरणा तिथंच उभी राहिली. गुरुजी तिच्याजवळ जाऊन खाली, जमिनीवर बसले. एवढ्या जवळून त्यांनी पहिल्यांदा पाहिलं, पोरीच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"आबा लय खोकत हुतं," ती आपण होऊन बोलू लागली. "आई म्हणली हुती बाजारातनं औषिद आणती. मग वर बाटली दिसली, भरल्याली. मला वाटलं आईनं आणलंया. कणगीवर चढून काढली. हलवून घेतली. पयला चमचा दिला, तर आबा म्हणलं, लय जाळतंय गं हरणे. मी म्हणलं आबा, दोन लिवलंय." तिनं दोन बोटं वर केली. "मग आबा म्हणलं, तू वाचलंयस न्हवं, मग दे."

गुरुजींनी तोंडावर हात ठेवला. त्यांना रडायचं नव्हतं, पण ते रडत होते. हरणा त्यांच्याकडं नुसती बघत उभी राहिली, कारण मोठी माणसं रडतात तेव्हा काय करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मग त्यांनी ती चिठ्ठी उलगडली. खिशातलं पेन काढून हरणाच्या ओळीखाली लिहिलं, "बाटली गुरुजींची होती. लेबल ठेवायला गुरुजींनी सांगितले." आणि तिच्या हातात दिली. तिनं बोट ठेवून, एकेक अक्षर लावत ती वाचली. वाचून झाल्यावर वर पाहिलं. थट्टा नव्हती, राग नव्हता. वर्गात जसं विचारायचं असतं तसं विचारलं.

"कशावरून, गुर्जी?"

"मीच शिकवलं पोरी," ते म्हणाले. "मी सांगितलं की लेबल खरं असतं. आत काय भरलंय ते लेबलाला कळत नाही, हे मी सांगायचं राहिलं."

हरणानं मान हलवली. तिला ते पटलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. "खरं" मात्र ती म्हणाली नाही.

गुरुजी तिच्याबरोबर घरी निघाले. गावाला सांगायचं की नाही ते पुढचं पुढं, पण ज्या बाईनं सासऱ्याचं मरण आपल्या माथी घेतलंय, तिला तरी खरं कळायलाच हवं, असं वाटेवर त्यांनी पक्कं केलं. साळूबाई परड्यात भांडी घासत होती. समोर राखेच्या पाण्याचं घमेलं. गुरुजींनी उभ्या उभ्याच चिठ्ठी वाचून दाखवली, हरणाची ओळही आणि आपलीही. या खेपेला एक अक्षर बदललं नाही.

साळूबाईचे हात थांबले नाहीत. तिनं तांब्या घासून पालथा घातला आणि मगच बोलली.

"मला त्याच दिशी कळलं, गुर्जी. चमचा इसळून जाग्यावर ठिवल्याला हुता. म्हातारं कवा चमचा इसळत हुतं? आन् कणगीवर पोरीच्या पायाचं ठसं. मी फडक्यानं पुसलं ते."

"म्हणजे चुलीपाशी ठेवली होती, ते..."

"तुमी बी गप बसलाच की," ती म्हणाली. "साळा कवा सुटली ते तुमास्नी ठावं हुतं. मला वाटलं, बरं झालं, गुर्जींनी बी पोर झाकली." मग पदरानं कपाळ पुसत तिनं हात पुढं केला. "द्या तो कागद."

गुरुजींनी दिला. साळूबाईनं तो राखेच्या पाण्यात टाकला आणि वर हातानं दाबून धरला, इतकी वर्षं लेबलं भिजत घातली तसाच. कागद मऊ झाला, फुगला, बोटांखाली त्याचा लगदा झाला. हरणा बघत होती. "सोलू नगं" असं ती या वेळी म्हणाली नाही.

"आवं गुर्जी, आलायसा तर एक काम करा," साळूबाई उठली. आत जाऊन तिनं एक आंतरदेशीय पत्र आणलं, न फोडलेलं. "चार दिस झालं येऊन. हिच्या बाचं हाय. ही वाचंना झालीया. दुसऱ्या कुणाकडनं वाचून घ्यावं तर भ्या वाटतंय, काय लिवलं असंल."

गुरुजींनी पत्र कडेनं फोडलं आणि हरणापुढं धरलं. त्यांना खूप आशा होती. बापाचं अक्षर बघून तरी ओठ हलतील. हरणानं पत्राकडं पाहिलं, क्षणभर खरंच तिची नजर पहिल्या ओळीवर सरकली, आणि मग तिनं ते दोन्ही हातांनी परत केलं.

"तुमीच वाचा, गुर्जी. पर जे लिवलंय त्येच वाचा."

ती उंबऱ्यावर बसली. साळूबाई भिंतीला टेकली. गुरुजींनी वाचायला सुरुवात केली. सगळ्यांना आशीर्वाद होते, बर्फ फार पडतो असं होतं, तार मिळाली तेव्हा आबांचा दहावा होऊन गेला होता असं होतं. मग पुढची ओळ त्यांच्या डोळ्यांनी तोंडाच्या आधी वाचली. ती ओळ वगळता आली असती. साळूबाईला वाचता येत नव्हतं. त्यांनी वर पाहिलं, तर हरणा एकटक त्यांच्या ओठांकडं पाहत होती.

गुरुजींनी वाचलं, जसं लिहिलं होतं तसंच.

"आबांच्या शेवटी मी जवळ नव्हतो, याचे फार वाईट वाटते. पण चि. हरणा जवळ होती. माझी लेक हुशार आहे. तिने आबांना वेळच्या वेळी औषध वाचून दिले असेल. आबा तिच्या हातून घेऊन गेले, एवढ्यावर मी इकडे मन आवरतो. हे तिला मोठ्याने वाचायला सांगावे."